सातव्या मजल्यावरचा ऊस

मी सर्जेराव, मांजरी गावचा. अकरा एकर उसाचा मालक होतो. आता सातव्या मजल्यावरच्या एका पिंपाचा मालक आहे. त्या पिंपात पाणी किती घालायचं, हे मला फोनमधल्या एक बाई सांगतात. हसा, हसा. आमच्या भावकीनं केव्हाच हसून घेतलंय.

जमीन बिल्डरला दिली आणि तिथंच उठलेल्या इमारतीत फ्लॅट मिळाला. म्हणजे राहतो अजून शेतातच, फक्त वर टांगलेला. काय गेलं ते पहिल्या तुळशीच्या लग्नाला कळलं. मांडवाला ऊस लागतो. मी हडपसरच्या मंडईतून चार ऊस विकत आणले. बायको, शालू, दारातच म्हणाली, "विकतचा ऊस? आपल्या घरात? त्यापरीस लग्नच नको." दोन वर्षं आमची तुळस बिनलग्नाची राहिली आणि शालू माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला ते लई लागलं.

मग एकदा पार्किंगच्या भिंतीकडेला आमच्या जुन्या उसाचं एक बेट दिसलं, कसं तगलं होतं देव जाणे. तीन कांड्या आणल्या, गॅलरीत तीन पिंपांत लावल्या आणि तीस वर्षांच्या सवयीनं पाट फोडल्यासारखं पाणी सोडलं. दोन कांड्या कुजल्या. खालच्या मजल्यावरचे रंगनाथ आगाशे वर आले. "अहो, ऊस आपला, मग पाणी आमच्या गादीवर का?" एवढं बोलून गेले. नवीन कांडी आणायला भिंतीकडं धावलो, तर बेटाच्या जागी जनरेटर बसलेला. म्हणजे आमच्या शेतातल्या उसाची एकच कांडी उरली होती, आणि तीही माझ्या तावडीत.

आमची मुलगी ऋतुजा आयटीत. तिनं माझ्या कानात इअरफोन घातला. "बाबा, झाडांवरचा पॉडकास्ट ऐका. प्लीज." पॉडकास्टवाल्या बाई म्हणाल्या, मित्रहो, मातीत बोट खुपसा, ओल लागली तर पाणी नको. च्यायला! अकरा एकराला पाणी पाजलेला माणूस मी, रोज सकाळी पिंपात बोट खुपसून बसायला लागलो. पण बाईंचं खरं निघालं. ऊस उभा राहिला, चार फुटवे आले.

एका भागात बाईंनी वनस्पती उद्यानांची माहिती सांगितली. जी झाडं आपल्या मुलखातून नाहीशी झाली, ती तिथं जपतात म्हणे. प्रत्येकाची नोंद ठेवतात: नाव काय, कुठून आणलं, नाहीसं का झालं. मी लगोलग पाटी केली. नाव: ऊस. कुठून आणला: मांजरी, गट नंबर एकशे सात. नाहीसा होण्याचं कारण... इथं पेन थांबलं. जागा रिकामी ठेवून पाटी पिंपात रोवली.

तुळशीचं लग्न आलं. ऊस माझ्या छातीएवढे उंच आणि अंगठ्याएवढे जाड. शालूनं कोयता पुढं केला. माझा हात उचलेना.

"अगं, हा शेवटचा आहे. उद्यानात असलं झाड तोडत नाहीत."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अहो, खोडवा येतो की! बुडखा ठेवला की परत फुटतोय. एवढंबी विसरलात?"

तीस वर्षं मी खोडवा घेतला होता. खरंच विसरलो होतो. इतकी लाज वाटली की इअरफोन काढून खिशात टाकला आणि चारही ऊस बुडापासून तोडले. मांडव एवढा बुटका झाला की भटजींना आत हात घालायला मांडी घालून बसावं लागलं. अक्षता टाकताना शालूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आगाशे प्रसादाची वाटी घेऊन म्हणाले, "मांडव ऐटदार. वऱ्हाडी मुंग्या होत्या का?" आणि दुसरी वाटी मागितली.

पंधरा दिवसांनी बुडख्यातून हिरवा कोंब वर आला. शालूनंच मला हाक मारून दाखवला. उसाला खोडवा आला. माझ्या अकरा एकरांना येणार नाही, आणि कागदावरची सही माझीच होती. मी पाटी उपटली आणि रिकाम्या जागेत लिहिलं: सर्जेराव.

शालूनं ते वाचलं. पाटी परत होती तिथं रोवली, मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, "आज पाणी नको."