शनिवारी माजावर येणारी गाय

नव्वदच्या सुमारास मी पारोळ्याजवळच्या एका गावी जनावरांचा डॉक्टर होतो. पत्नी तान्ह्या मुलीसह जळगावला, मेहरूणमध्ये माहेरी होती. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या एस.टी.ने मी तिकडे जात असे. हे आधीच सांगतो, कारण माझ्या अपराधाचे मूळ त्या एस.टी.त आहे.

नोकरी नवी होती आणि ज्ञान उतू जात होते. एकदा गावकऱ्यांना जमवून शाळेच्या फळ्यावर मी गायीचे अंडाशय काढले. त्यावर बीज असलेला फोड वाढत जातो. तो वाढेल तसे रक्तात इस्ट्रोजेन वाढते आणि गाय माजावर येते. मग मेंदूकडून दुसऱ्या संप्रेरकाची लाट येते आणि माज ओसरल्यावर काही तासांनी फोड फुटून बीज बाहेर पडते. म्हणून सकाळी माज दिसला तर कृत्रिम रेतन संध्याकाळी करायचे, घाई करायची नाही. सर्वांनी माना डोलावल्या. गावातले शेतकरी नाना यांची थोरली बहीण अक्का यांनी मात्र तो फोड हरभऱ्याएवढा असतो की बोराएवढा, असे विचारले. बोराएवढा, असे मी सांगितले.

नानांकडे एक संकरित गाय होती. गायीचे चक्र साधारण एकवीस दिवसांचे, म्हणजे नेमके तीन आठवडे. ही गाय फारच शिस्तीची होती. एकदा शनिवारी सकाळी माजावर आली आणि त्यानंतर शनिवारीच येत राहिली. फळ्यावरच्या नियमाप्रमाणे मी संध्याकाळी थांबायला हवे होते. मी सकाळी दहालाच रेतन उरकून बॅग भरत असे. असे तीनदा झाले आणि तिन्ही वेळा गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. नानांना मी सांगितले की तिची संप्रेरके मंद आहेत. हे वाक्य मी जाणूनबुजून खोटे बोललो नव्हतो. मी ते तपासलेच नव्हते, आणि त्याची लाज मला अधिक वाटते.

चौथ्यांदाही मी सकाळीच रेतन उरकले. नानांनी निर्णय घेतला की यावेळीही उलटली तर गाय पारोळ्याच्या बाजारात न्यायची. भाकड गाय तिथे कोण घेतो, हे मला ठाऊक होते. नानांनाही होते; म्हणून ते माझ्याकडे न पाहता बोलले.

त्यानंतरच्या ठरलेल्या शनिवारी सकाळी दवाखान्यात कोणीच आले नाही. गाय गाभण राहिली असावी, असा सोयीस्कर निष्कर्ष काढून संध्याकाळी मी थांब्यावर गेलो. तिथे प्रवाशांच्या रांगेत अक्का उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, हंबरत, अजून बाजारात न गेलेली गाय.

"सकायपासून हंबरी राहिनी," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पन तुम्हीच सांगेल शे ना, भाऊ, सकायनी गाय संध्याकायले. म्हनीसन आते लई उनू."

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टरने आम्हा तिघांकडे पाहून, पूर्ण तिकीट दोन की तीन, अशी चौकशी केली. रांगेतल्या एका आजोबांनी गायीला खिडकीजवळची जागा द्या, असे सुचवले. मी कोणाकडेही न पाहता दवाखान्याचे कुलूप उघडायला परत गेलो.

तीन आठवड्यांनी मी जळगावला गेलो नाही. दिवसभर दाराशी बसून गाय येत नाही ना, हे पाहत राहिलो. ती आली नाही. अडीच महिन्यांनी तपासली, गाभण होती.

तेव्हा नानांच्या ओट्यावर जमलेल्या चारचौघांसमोर मी नानांना सारे सांगितले. गाय आधीपासून ठीकच होती, दोष माझ्या घाईचा होता. नानांनी ऐकून घेतले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर, गायना दोष सोताना माथे लेऊ नका. मनी गाय कशी शे, माले माहीत शे." आठवडाभरात गावात बोलबाला झाला की डॉक्टर जनावराचीसुद्धा बदनामी होऊ देत नाही.

अक्कांनी मात्र त्याच दिवशी मला दारापर्यंत पोचवताना हळूच विचारले, "आखो कितल्या गायी शेतस, भाऊ, शनवारन्या?"

मी नोंदवही काढून शनिवारी घाईत रेतन केलेल्या आणखी गायी मोजल्या. सात निघाल्या. पुढच्या रविवारी सायकलवरून सातही घरी गेलो आणि कबुली दिली. सहा घरी माझ्या नम्रतेचे कौतुक झाले आणि चहा मिळाला. सातव्या घरची गाय विकून दोन महिने झाले होते. तिथेही चहा मिळाला.