दहाव्या दिवसाचं माकड

ही गोष्ट सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही असं नाही. जळकोटच्या डोंगरापासून माहूरच्या गडापर्यंत तीन म्हातारे पायी गेले, याचं नांदेडात आमच्या कॉलनीत बरंच कौतुक झालं. मी रोज वही लिहायचो. मुलानं ती टाइप करून घेतली, तिची लहानशी पुस्तिका काढली आणि सोयऱ्याधायऱ्यांत वाटली. त्या पुस्तिकेतलं दहाव्या दिवसाचं पान खोटं आहे. बाकीची पानं खरी आहेत, आणि ती लिहिताना मला झालेला आनंदही खरा आहे. म्हणून आधी त्या आनंदाबद्दल लिहितो.

चालायची कल्पना आप्पाची. आप्पा उदगीरचा कापडदुकानदार. कॉलेजात असताना आम्ही नांदेडला एका खोलीत राहत होतो. पुढे मी तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळलं, त्यानं वडिलांची गादी सांभाळली. त्याचं आजोळ जळकोटकडचं. दुकान पोरावर सोपवल्यावर तो एकदा फोनवर म्हणाला, "पंत, त्यो डोंगर मी ल्हानपणापासून बघून राहिलो. सत्तर व्हायच्या आत त्याच्यावरून निघून डोंगराडोंगरानं माहूरला पोचायचं. गाडीत बसून न्हाई, पायानं. येतूस का?"

तिसरे मोजणीसाहेब. जमीनमोजणीच्या सरकारी खात्यात जन्म गेलेले, निवृत्त, माझे शेजारी. नकाशे त्यांच्याकडे, शिस्त त्यांच्याकडे, आणि शिव्याही त्यांच्याकडेच.

हिमालयात जाऊन आलेल्यांनी हसावं असे आमचे डोंगर. पण सहासष्टीच्या गुडघ्यांना बालाघाटचे चढही पुरेसे असतात. मुखेडकडून कंधारच्या अंगानं, पुढे पुलावरून गोदावरी ओलांडून भोकरच्या डोंगरात, तिथून हिमायतनगर, आणि मग सागाच्या जंगलातून माहूर. दिवसाला पंधरा किलोमीटर, फार तर अठरा. शक्यतो डांबरी रस्ता सोडून गुराख्यांच्या पायवाटेनं.

फाल्गुन होता. सागाची पानं गळून वाटेवर पडलेली. वाळलेल्या पापडावर पाय ठेवल्यासारखा आवाज व्हायचा. सकाळी उजाडता उजाडता निघायचं, दहाला न्याहारी, साडेअकरा ते तीन सावली गाठून पडायचं, आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम. मुक्काम म्हणजे शाळेचा व्हरांडा, मारुतीचं देऊळ, नाहीतर एखादा आखाडा. शेतातल्या राहत्या झोपडीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. ओळख ना पाळख, तरी एकाही आखाड्यावरून आम्हाला उपाशी जाऊ दिलं नाही. "कुठं चाललाव?" विचारायचे. माहूर म्हटलं की बाया कपाळाला हात लावायच्या.

मुखेडच्या पुढे एका म्हातारीनं आप्पाला विचारलं होतं, "गाड्या बंद पडल्या का काय?"

"न्हाई माय, गाड्या चालू हायत. आमीच बंद पडायलोत, म्हणून म्हटलं जरा चालवून बघावं."

तिनं हसत हसत तीन भाकरी, लसणाचा ठेचा आणि वर कांदा दिला. त्या भाकरीची चव मला अजून आठवते. सोळा दिवसांत एकूण किती हातांची भाकरी खाल्ली ते मोजलं नाही. त्या सगळ्या हातांचं देणं माझ्या अंगावर आहे, आणि ते फिटू नये असंच वाटतं.

आमच्या सकाळीला आकार दिला तो आप्पाच्या पूजेनं. तो लिंगायत; त्याच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग. सकाळी अंग धुऊन, निदान पुसून, ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी, विभूती, बेलाचं पान. त्यानंतरच तोंडात पाण्याचा थेंब. हा नेम तो कॉलेजात असल्यापासूनचा. डोंगरात रोज ताजं पाणी कुठलं मिळणार, म्हणून त्यानं एक रीत बसवली होती. संध्याकाळी विहिरीवर किंवा हापशावर तो आपल्या हातानं तांब्याचा तांब्या घासायचा, भरायचा, त्याच्या तोंडाला ओला फडका बांधायचा आणि जमिनीला लागू नये म्हणून झाडाच्या फांदीला अडकवायचा. त्या पाण्याला कुणी तोंड लावायचं नाही. सकाळी त्याची पूजा होईपर्यंत मी आणि साहेब सामान बांधायचो. चहा आम्ही त्याच्याबरोबरच घ्यायचो. तो म्हणायचा, "घ्या की तुमी, माझ्यापायी कशाला तकलीफ." पण आम्ही थांबायचो. ती पंधरा मिनिटं गप्प बसायची सवय मला तिथंच लागली. आज पंचाहत्तरीला टेकलोय, रोज सकाळी गॅलरीत तेवढाच वेळ गप्प बसतो. ही आप्पाचीच देणगी.

माझ्या घरी लहानपणी सोवळंओवळं कडक होतं. ओलेत्या लुगड्यानं पाणी भरणारी आई, तिला चुकून शिवल्याबद्दल खाल्लेला मार. मोठा झाल्यावर मी ते सगळं सोडलं आणि सोडल्याचा मला थोडा गर्वही होता. पाणी ते पाणी, असं मी म्हणायचो. हे सांगून मी काही सूट पदरात पाडून घेत नाही. त्या सकाळी माझ्या डोक्यात काय होतं, एवढंच कळावं.

नवव्या दिवशी भोकर मागे टाकून आम्ही डोंगरात शिरलो. साहेबांच्या नकाशातला ओढा कोरडा निघाला. आदल्या वाडीच्या विहिरीवर भरून घेतलेलं पाणी तेवढंच; आप्पाचा तांब्याही तिथंच भरलेला. ती विहीर दीड तास मागे राहिली होती. चढावरच्या सपाटीला मुक्काम पडला तेव्हा साहेबांनी प्रत्येकाची बाटली हलवून पाहिली आणि बजावलं, "हे उद्या दुपारपर्यंत पुरवायचं आहे. पाय धुवायला नाही. पंत, तुम्हाला सांगतोय."

माझ्या टाचेचा फोड फुटला होता, आग होत होती. ते दोघं चुलीसाठी काटक्या गोळा करायला गेले आणि मी माझ्या बाटलीतल्या पाण्यानं टाच धुतली. आधी थोडं ओतलं. मग बरं वाटलं म्हणून आणखी ओतलं.

सकाळी जाग आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. बाटलीत दोन घोटही नव्हते, आणि रक्तदाबाची गोळी घ्यायची होती. साहेब झुडपामागे गेले होते. आप्पा उतारावरच्या बेलाची पानं आणायला गेला होता. साहेबांकडे पाणी मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं. शिव्या घातल्या असत्या, पण दिलं असतं. त्या चार शिव्यांची मला लाज वाटली. समोर फांदीला तांब्या होता.

मी फडका सोडला. गोळीपुरता एकच घोट घ्यायचा, असं ठरवलं होतं. पाणी इतकं गार होतं की तांब्या खाली आला तेव्हा तळ दिसत होता. मग मी तो झाडाखाली आडवा ठेवला आणि फडका काट्यांत टाकला. हे मी विचार करून केलं.

आप्पा बेल घेऊन आला. तांब्याकडे पाहत उभा राहिला.

"हे काय झालं रं?"

वरच्या सागावर वानरांचा कळप बसला होता. सकाळपासून हुपहुप चालली होती. मी तोंड वर केलं आणि म्हणालो, "माकडानं पाडला वाटतं."

आप्पानं वानरांकडे पाहिलं. त्याला राग आला नाही. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "तहान लागली आसंल मारुतीरायाला. फडका सोडून प्याला, शिकलेलं दिसतंय." झुडपामागून आलेले साहेबही हसले. मीही हसलो.

साहेबांनी आपली अर्धी बाटली पुढे केली. आप्पानं मान हलवली. "तोंड लावलेलं हाय, साहेब. मला चालतंय, पूजेला न्हाई चालत."

"मग पूजा दुपारी करा. आत्ता दोन घोट प्या."

"त्याला आदी, मला मागून. एवढंच ठरलंय आमचं दोघांचं, पन्नास वर्सं झाली."

साहेब म्हणाले, विहीर दीड तास मागे आहे, परत जाऊ. एक दिवस वाया गेला तर गेला. आप्पा माझ्याकडे वळला. "पंत, तू काय म्हंतूस?"

इथं मला दुसरी संधी होती. परत जायचं म्हणजे दुखऱ्या टाचेनं तोच चढ पुन्हा चढायचा, आणि त्या तांब्याभोवती आणखी तीन तास बोलणं होणार. मी म्हणालो, "पुढं उतारावर एखादा झरा असेल. जाऊ पुढंच."

"पंत म्हंतोय तर चला," आप्पा म्हणाला.

झरा नव्हता. दहाच्या न्याहारीला आप्पा नुसता बसून राहिला आणि आम्हाला खायचा आग्रह करत राहिला. पाणी मिळेपर्यंत सावलीला थांबायचं नाही असं ठरलं होतं, आणि बाराच्या सुमाराला उतारावर तो गप्प झाला. तो गप्प झाला तेव्हाच मला समजायला हवं होतं. एका घसरणीच्या दगडावर त्याचा पाय गेला. डोळ्यांपुढं अंधारी आली होती, असं त्यानं नंतर सांगितलं. पडला तेव्हा घोट्याच्या वरचं हाड मोडलं. आवाज मी ऐकला.

खाली एक आखाडा होता. साहेबांच्या हाका ऐकून तिथले दोघं भाऊ बाज घेऊन वर आले. आप्पाला त्यांनी असं उतरवलं की बाज एकदाही कलली नाही. त्यांच्या आईनं पाण्याचा गडवा पुढे केला. आप्पानं तिला विचारलं, "माय, याला कुणी तोंड लावलंय?" तिनं गडवा ओतून टाकला, विहिरीवर गेली, नवा भरून आणला आणि पदरानं झाकून त्याच्यासमोर धरला. मोडक्या पायानं आप्पा बाजेवर उठून बसला, करंडा उघडला, पूजा केली. बेलाची पानं खिशात सकाळचीच होती. मगच पाणी प्याला. ती बाई तोवर गडवा धरून उन्हात उभी होती. जे मला पन्नास वर्षांच्या मैत्रीत जमलं नाही, ते तिला एका वाक्यावरून कळलं.

जीपनं हिमायतनगरला नेलं. पाय बांधला. संध्याकाळी त्याचा मुलगा गाडी घेऊन पोचला. निघताना आप्पानं त्याची काठी माझ्या हातात दिली. रोजच्या मुक्कामाला तो चाकूनं तिच्यावर एक खूण करायचा. नऊ खुणा होत्या.

"ही माहूरला टेकवून आण. ती गेली म्हंजी मी गेलो. आन् त्या माकडावर राग धरू नको बरं का."

आम्ही दोघं सहा दिवसांनी माहूरला पोचलो. गडावर मी ती काठी टेकवली, सहा खुणा माझ्या हातानं केल्या आणि ती उदगीरला नेऊन दिली. त्यानं ती गादीमागे भिंतीला उभी केली. पाय धड जुळला नाही. साखरेचा त्रास होता. पुढे तो दुकान ते घर एवढंच चालला, तेही कुणाचा तरी खांदा धरून. मी वहीत लिहिलं होतं: माकडानं पाण्याचा तांब्या पाडला, आणि वय व उपास यांमुळे आमच्या मित्राला चक्कर आली. पुस्तिकेतलं हेच वाक्य त्याची मुलं त्याला वाचून दाखवायची. पुढच्या वर्षी त्यानं हिमायतनगरपासून राहिलेली वाट हळूहळू चालायची गोष्ट काढली, तेव्हाही तेच वाचून दाखवलं. "आप्पा, तुमच्या दोस्तानंच लिव्हलंय, वय झालंय म्हणून." त्यानं नाद सोडला.

त्यानंतर मी तीनदा उदगीरला गेलो. प्रत्येक वेळी एसटीत वाक्य पाठ करून गेलो. दुकानात पाय ठेवला की तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "ह्यो माझा दोस्त. ह्येच्यासमोर माकडानं माझा तांब्या सोडून पाणी प्यालतं. सांग रं पंत." गिऱ्हाइकं हसायची. तो मला चहा पाजायचा, चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घालायचा, नातवंडांसाठी कापड बांधून द्यायचा. मी पाठ केलेलं वाक्य तसंच परत घेऊन यायचो. त्याच्याकडून मला आयुष्यभर मिळतच गेलं. त्या सततच्या देण्यानंच माझं तोंड बंद केलं, असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. मी भ्यालो.

गेल्या मार्गशीर्षात आप्पा गेला. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली, लिंग डाव्या तळहातावर. मातीआधी प्रत्येकानं बेलाचं पान वाहिलं, मीही वाहिलं. नंतर घरी सगळे बसले होते. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, तुमी त्यांचे सगळ्यात जुने दोस्त. दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी माकडाची गोष्ट सांगितली. माणसं रडता रडता हसली. मोजणीसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

परतताना जळकोटला एसटी थांबली. खिडकीतून तो डोंगर दिसत होता. पाठ केलेलं वाक्य तिथं मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. ते वाक्य असं होतं:

आप्पा, झाडावर माकडं होती, पण तांब्याला त्यांनी हात लावला नाही. तुझं पाणी मी प्यालो आणि तुला पुढं चल म्हणालो. तुझं वय झालं नव्हतं. तू माहूरला पोचला असतास. मला माफ कर.