दारावरचे दहा आकडे

आमच्या आत्याला कारखान्यात सगळे नंबरवाली म्हणत. पितळी पट्टीवर पंच धरायचा, वर हातोडी हाणायची, की यंत्राचा नंबर उमटला. तिचा कायदा एकच: चुकलं तर पट्टी टाकून द्या, आकड्याला कानस लावायची नाही. नव्या मुलींना ती यावरून इतकी झापायची, की त्या नुसती कानस दिसली तरी दचकायच्या.

लग्न तिने केलंच नाही, आकड्यांशी संसार मांडला. पंचांचा नवा संच आला तेव्हा तिने घराच्या दारासाठी एक पाटी ठोकली: ३८१६५४७२९०. तेव्हा घरात आम्ही दहा माणसं.

"याला दहाने भाग जातो," ती म्हणाली.

"शेवटी शून्य आहे, त्यात कसलं आलंय कौतुक!" माझे वडील म्हणाले.

"दादा, शून्य झाक. उरलं त्याला नवाने जातो. मग नऊ झाक, आठाने. असं थेट एकापर्यंत. दहा आकडे एकेकदाच वापरून असा नंबर हा एकच होतो."

"पण झाकायचं कशाला गं?" आजोबा म्हणाले. "आहोत की सगळे."

आजोबा आजारी पडले तेव्हा शून्य पुसट झालं. ते गेले त्या दिवशी तिथलं पितळ गुळगुळीत होतं, जसा कधी पंच लागलाच नव्हता. पुढे काकू अंथरुणाला खिळली आणि नऊ बुजला. वडिलांनी घाबरून पाटी उतरवली, पेटीत टाकली. पेटीतही दोन बुजला, आणि काका गेले. मग पाटी पुन्हा दारावर आली. निदान डोळ्यांसमोर तरी राहील, असं आई म्हणाली. तीही गेली. पुढे एकेक करत आणखी तिघं गेली. आम्ही उरलो तेवढ्यांत नंबर दर वेळी बिनबोभाट वाटला जायचा. मला त्या नीटनेटकेपणाचीच जास्त भीती वाटायची.

शेवटी वडीलही गेले. दारावर ३८ आणि आत आम्ही दोघी. त्यातच माझ्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं आणि आठाचा खालचा गोल विरायला लागला.

"आत्या, आता मीच ना?" मी रडत विचारलं.

"गप बस. नंबर मी ठोकलाय. त्याच्याशी काय बोलायचं ते मी बोलेन."

ऑपरेशन सुखरूप झालं. शुद्धीवर आले तर उशाशी आत्या नव्हती, शेजारीण होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. आत्या दारातच स्टुलावर बसल्या बसल्या गेली होती. मांडीवर कानस होती.

आता दारावर फक्त तीन आहे. उजवीकडचं सगळं पितळ आरशासारखं गुळगुळीत, फक्त तीनच्या शेजारी, आठ होता तिथे, कानशीचे उभे-आडवे ओरखडे आहेत. मला तिचा फार राग येतो. घरात शिरताना मी रोज त्या ओरखड्यांवर हात ठेवते.