आत्यासाठी मुंबईत शोधलेल्या जागा

मुंबईत निवांत बसायला कुठे जावं, असं मैत्रिणी पत्रातून विचारतात. त्यांना मी एकच सहल सांगते. नवे पैसे नुकतेच आले होते आणि ट्राम अजून चालत होती, तेव्हाची.

आत्याला मोतीबिंदू झाला म्हणून आम्ही निघालो. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनेच, बोर्ली पंचतनच्या आमच्या सुपारीच्या वाडीत. बैलगाडीने दिघी, तिथून बोट. वरच्या डेकचं तिकीट थोडं महाग पडतं, पण तेच काढा. खाली सुक्या मासळीच्या वासाने जीव नकोसा होतो. तोंडात आमसूल धरलं की बोट लागत नाही. आत्याने वळकटी रहाटाच्या काथ्याच्या दोराने आवळली होती. भाऊच्या धक्क्यावर हमाल म्हणाला, "आजी, आत बैल बांधलाय काय?"

आत्याचा मुलगा बाळूदादा गिरगावात चाळीत राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकायला तीन आठवडे आहेत, मग ऑपरेशन.

"पिकू दे सावकाश. तोवर मी वाडीत जाते," आत्या म्हणाली.

नळावरची भांडणं, शेजारचा रेडिओ, ट्रामची घंटा. तिला दोन रात्री डोळा लागला नव्हता. पण एकदा गेली की ती परत यायची नाही, हे आम्ही दोघंही जाणून होतो. दुसराही डोळा मंदावत चालला होता. दादाने हात टेकले. शेवटी तिने मला मुदत दिली.

"गुरुवारपर्यंत बसायला एक जागा दाखव, मालू. नाहीतर गुरुवारची बोट."

सोमवारी ट्रामने राणीच्या बागेत गेलो. सकाळी लवकर गेलात तर मागच्या बाजूला चिटपाखरू नसतं. आत्या झाडांवरच्या पाट्या चाचपत राहिली. म्हणाली, यांनाही पिंजऱ्यातच ठेवलंय.

मंगळवारी बाणगंगा. भर दुपारी तिथे पायऱ्यांवर फक्त सावल्या आणि बदकं असतात. मला वाटलं, जमलं. तिने घटकाभर पाण्याकडे तोंड करून बसून घेतलं आणि विचारलं, "एवढं पाणी, काढत कुणीच नाही?"

बुधवारी माझगावची टेकडी. चढण आहे, पण वारा छान आणि खाली सगळं बंदर. तिथे मात्र माझीच चूक झाली. एका बोटीचा भोंगा वाजला तशी ती उठली. कुठली बोट, कधी सुटते, हेच विचारत खाली उतरली. रात्री तिने वळकटी बांधून ठेवली.

गुरुवारी उठून पाहते तर वळकटी सुटलेली, दोर नाही, आत्या नाही. वहिनीचं उलथनंही गायब. दादा धक्क्याकडे धावला. मी जिना उतरले आणि मागून रहाटाच्या नाही, पण कप्पीच्या कुरकुरण्याचा आवाज आला.

चाळीमागे एक जुनी विहीर होती, तिच्याशेजारी एकटा माड. आत्या ओचा खोचून उलथन्याने त्याच्या बुंध्याशी आळं करत होती. आमचा दोर बादलीला बांधलेला. तळमजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ दात घासत उभे होते. ते म्हणाले, "आजी, वांझ आहे तो. वीस वर्षांत एक नारळ नाही."

"पाणी दिलंत कधी?"

"आम्हालाच पुरत नाही."

"मग कोण वांझ?" आत्या म्हणाली, आणि बादली पुन्हा विहिरीत सोडली.

घरीही ती रोज अशीच, रहाट कुरकुरत असताना वाडी शिपायची. मी तीन दिवस तिला आवाज नसलेल्या जागा दाखवत फिरले होते. पाणी आळ्यात मुरलं, तशी ती बुंध्याला टेकून बसली आणि तिथेच झोपली. बोट सुटून गेली तरी आम्ही तिला उठवलं नाही.

मी एकटीच परतले. दीड महिन्याने दादाने तिला आणून सोडलं, जाड भिंगांच्या चष्म्यासकट. वाडीभर फिरून तिने प्रत्येक पोफळ पाहिली. मग रहाटाशी येऊन थांबली.

"तिकडे शिपत असेल ना गं कुणी?"

आता आत्या नाही. मुंबईला गेले की मी त्या माडाशी बसून येते. तुम्हीही जा, उन्हं उतरल्यावर. बादली विहिरीवरच असते. दोर तेवढा घरून न्या.