तोनच्या शेताखालची मळई

शलाका टिपणीस काय काम करते, हे आइंडहोवनच्या मराठी बायकांना सांगून सांगून ती थकली. आता नुसतं "माती बघते" म्हणते. त्यावर कुणीतरी हसतंच, "म्हणजे एवढं शिकून इथे येऊन मातीच खाल्लीस म्हणायची!" तीही हसते. पुण्याची भूशास्त्रातली एमएस्सी, लग्नानंतर यशोधनच्या मागोमाग इकडे आली. त्याचं चिपच्या मशिनींच्या कंपनीत बस्तान बसलेलं, हिचं मात्र डबे भरण्यात आणि डच शिकण्यात चाललेलं. शेवटी आर्नहेमच्या एका लहानशा ऑफिसने तिला घेतलं, आणि बाई जी चिखलात उतरली ती आजतागायत बाहेर आलेली नाही.

काम असं. कुठे वाळूची खाण निघायची असली, की आधी शेजारच्या ओढ्याची मळई शोधायची. मळई म्हणजे ओढ्याने गाळ आणून आणून घडवलेली सखल जमीन. ती हिवाळ्यात पाणी पिऊन बसते आणि उन्हाळ्यात थोडं थोडं सोडते. तिच्यात खणलं की पाणी खड्ड्याकडे पळतं आणि खालच्या अंगाची कुरणं करपतात. म्हणून नकाशावर मळईभोवती रेघ मारायची. रेघेच्या आत खाण नाही. आणि रेघ कुठून जाते ते गिरमिट सांगतं. सुताराचं असतं तसंच, फक्त माणसाच्या उंचीचं. हाताने पिळत जमिनीत घालायचं, वर आलेली माती गवतावर ओळीने मांडायची, चोळायची, हुंगायची.

तोन आणि रीट हे म्हातारं जोडपं ब्राबांट प्रांतातल्या अशाच एका ओढ्याकाठी राहायचं. त्यांचं काठावरचं शेत खाणवाल्यांना हवं होतं. रीटचे गुडघे गेलेले. झोपायची खोली वरच्या मजल्यावर, त्यामुळे जिना रोजचाच. आर्नहेमला लेकीच्या गल्लीत तळमजल्याचं घर त्यांनी बघून ठेवलं होतं. शेत विकलं तर ते घर, नाहीतर हाच जिना. इतका साधा हिशेब. शलाका तिथे महिनाभर येत होती. काम सुरू करण्याआधी मालकाच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी घ्यायची, ही इकडची रीतच. रीट तिला नव्या घराच्या खिडक्यांची मापं दाखवायची आणि पडद्यांचे रंग विचारायची. शलाकाला त्या बाईचा लळा लागला, ते नाकारण्यात अर्थ नाही.

शेवटी काठाच्या शेताची पाळी आली. तोन गिरमिटाशेजारी हात बांधून उभा राहिला. त्याला कसलीच काळजी नव्हती. "हे शेत ओढ्याने केलेलं नाही, माणसांनी केलंय," तो म्हणाला. "माझे आजे-पणजे माळावरची गवताची ढेकळं गोठ्यात अंथरायचे. शेणामुतात मुरली की गाड्या भरून इथे आणून टाकायचे. पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून तर ते एवढं उंच आहे."

खरंच होतं ते. माती काळीभोर, भुसभुशीत, एकसारखी येत गेली. अशी हाताने चढवलेली जमीन दिसली की ती उंचवट्याची, मळईबाहेरची धरायची आणि गिरमिटाची दांडी संपली की थांबायचं, असा सगळ्यांचा रिवाज. दांडी संपली. पण टोकाला चिकटलेला शेवटचा गोळा गार होता, आणि त्याला वास होता. साचलेल्या पाण्याचा.

तेवढ्यात यशोधनचा फोन आला. तिने त्याला सांगून टाकलं.

"अगं, रिवाज आहे ना? मग थांब की तिथेच," तो म्हणाला. "उगाच त्या म्हाताऱ्यांच्या मुळावर का उठतेस?"

"मी उठत नाहीये रे. पण खाली काय आहे ते मला कळलंय."

"तुला कळलंय. ऑफिसला कुठे कळलंय?"

तिने फोन खिशात टाकला आणि दुसरी दांडी जोडली. गिरमिट पिळलं. वर आला तो कुजलेल्या पालापाचोळ्याचा काळा लगदा, पाणी गळणारा, आणि त्यात लालसर लाकडाचा तुकडा. तोनने तो उचलून नखाने खरवडला. "अल्डर," तो म्हणाला. पाण्यात पाय घालून उभं राहणारं झाड. ते दुसरीकडे कुठे वाढत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याच्या पूर्वजांनी कष्टाने मळईच झाकून ठेवली होती, आणि झाकलेली असली तरी ती मळईच. तोन बुटाने भोक बुजवायला लागला.

रीटला सांगायला शलाका एकटीच आत गेली. रेघ शेताच्या पलीकडून जाणार, म्हणजे शेत रेघेच्या आत राहणार, हे तिने सरळ सांगितलं. आडवळणाने सांगितलेलं इकडे कुणाला खपत नाही. रीटने खिडकीतून भोकाशी उभ्या नवऱ्याकडे बघितलं.

"तुला आधीच थांबता आलं असतं?"

इथे नियमाच्या आड लपता आलं असतं. ऑफिसवर ढकलता आलं असतं. तेवढ्याने ती बाई हिच्यावर रागावली नसती.

"आलं असतं," शलाका म्हणाली.

रीटने मान हलवली. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ती जिना चढायला लागली. शलाकाने धरायला हात पुढे केला.

"नको," रीट मागे न बघता म्हणाली. "मला सवय ठेवायला हवी."