मागचं फाटक

आमच्या सोसायटीची मागची भिंत संपली की जंगल सुरू होतं. मुलुंडचा हा फ्लॅट दाखवताना बिल्डरच्या माणसाने आधी खिडकी दाखवली, मग किचन. अशा जागी राहिलं की किस्से पाचोळ्यासारखे साठत जातात. कुणी उचलत नाही, थरावर थर चढतो. माझा नवरा श्रीकांत कमिटीच्या मीटिंगहून आला की एकेक सांगायचा आणि आम्ही हसायचो. आता सांगायला मी एकटीच आहे. हसू येत नाही, तरी सांगते.

*

फेब्रुवारीत गवत वाळलं की डोंगरावर वणवा लागतो. एका संध्याकाळी समोरच्या उतारावर लाल रेघ हळूहळू वर चढत होती. सातव्या मजल्यावरच्या कर्णिक मॅडमनी ग्रुपवर फोटो टाकला, "आपल्या बाल्कनीतून! सो ब्यूटिफुल." खाली बदामांची रांग लागली.

श्रीकांतने लिहिलं, "फायर ब्रिगेडला कुणी फोन केला का?"

त्यावरही चौदा लाइक आले. फोन कुणी केला नव्हता. शेवटी त्यानेच केला.

*

आमच्याकडे झाडलोट रोज होते. गोळा झालेला सुका पाला भिंतीवरून पलीकडे टाकतात. पलीकडे त्याचा पुरुषभर उंच ढीग झाला होता, थेट आमच्या भिंतीला टेकून.

सेक्रेटरी सावंतांना श्रीकांत म्हणाला, "अहो, उद्या हा पेटला तर?"

"सर, तो आपल्या हद्दीत नाही."

"आग हद्द बघून थांबते का?"

"तसं असेल तर तुम्ही लेखी द्या."

श्रीकांतने लेखी दिलं. सावंतांनी पोच दिली. ढीग वाढत राहिला.

*

भिंतीत एक मोठं लोखंडी फाटक आहे. भिंतीमागे आग लागली तर बंबाला तिथे पोचायची तीच एक वाट. फाटकाला कायम कुलूप. श्रीकांतच्या मागण्या दोनच होत्या: ढीग हलवा आणि फाटकाची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये टांगा. पाच वर्षं तो हेच मागत होता.

"आणि बिबट्या आत आला तर?" सावंत म्हणाले.

"बिबट्या केबिनमधून किल्ली घेऊन फाटक उघडणार आहे का? तो भिंतीवरून उडी मारून येतो. गेल्या वर्षी तुमच्याच गाडीच्या टपावर बसला होता."

"म्हणूनच तर किल्ली मी स्वतःकडे ठेवलीय."

*

एकदा आगीच्या तयारीची तपासणी होणार होती. वाळूच्या लाल बादल्या हव्यात, असा कागद आला. आमच्याकडे एकही नव्हती. सावंतांनी शेजारच्या सोसायटीतून आठ बादल्या मागवल्या, त्यांच्या नावावर आमचं नाव चिकटवलं आणि जिन्याखाली ओळीत मांडल्या. साहेब आले, चहा प्यायले, सही करून गेले.

बादल्या परत पोचवायला वॉचमन यादवला सांगितलं. पहिली उचलता उचलता त्याने विचारलं, "साहब, आग लगेगी तो फिर से माँगके लाना है क्या?"

इतका शहाणा प्रश्न आमच्या एकाही जनरल बॉडीत कुणी विचारलेला नाही.

*

मार्चमध्ये सावंत शिमग्याला गावी जातात. दरवर्षी जातात आणि जावंच. पण फाटकाची किल्ली त्यांच्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते आणि जुडगा त्यांच्याबरोबर मालवणला जातो.

गेल्या शिमग्यात, भर दुपारी, भिंतीमागचा ढीग पेटला. बंब वेळेवर आला आणि फाटकाशी येऊन थांबला. श्रीकांतने सावंतांना फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडून ढोल ऐकू येत होते.

"सर, पालखी आमच्या दारात आलीय ओ. पाच मिनिटांत फोन करतो."

जवान कुलूप कापत होते तोवर श्रीकांत बागेतला पाइप घेऊन भिंतीशी, धुरात उभा राहिला. त्याची बायपास झालेली होती. सोसायटीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी दोनदा हाक मारली. तो म्हणाला, "आलोच."

तो तिथेच कोसळला. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण संध्याकाळी तो गेला.

सावंतांनी फोन केला होता, अगदी शब्द पाळून, फक्त तासाभराने. तेव्हा श्रीकांतचा मोबाइल माझ्या पर्समध्ये होता आणि आम्ही अँब्युलन्समध्ये.

आठवडाभरात फाटकाला नवं कुलूप लागलं. किल्ली सावंतांकडे.

*

क्लबहाउसमध्ये शोकसभा झाली. सरांचं झाडांवर फार प्रेम होतं, असं चौघं बोलले. कर्णिक मॅडम रडल्या. सरांच्या आठवणीसाठी एक झाड लावायचं, असा ठराव झाला. पाच वर्षांत श्रीकांतच्या नावाने मंजूर झालेला हा पहिला ठराव.

जूनमध्ये मला बोलावणं आलं. सगळे मागच्या बाजूला जमले होते. फाटकाच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर, सिमेंटचा गोल कट्टा बांधला होता. त्यात बकुळीचं रोप. कट्ट्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर श्रीकांतचं पूर्ण नाव.

"इथेच का?" मी विचारलं.

"बाकी सगळीकडे पार्किंग आहे ना, वहिनी. एवढीच जागा मोकळी होती," सावंत म्हणाले.

"पण हे फाटक आत उघडतं. आता ते उघडणार कसं?"

सावंतांनी पाण्याने भरलेली झारी माझ्या हातात दिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता कशाला उघडायचं, वहिनी? आता सर आहेत ना तिथे."