कागदाला देवी येत नाहीत

आगबोटीने परमुलखात निघालेल्या आपल्या माणसाचा दंड तुम्ही कधी उघडून पाहिला आहे का? शिदोरी बांधता, कपाळाला अंगारा लावता, गाडीत बसवून देता. दंड बाहीखाली झाकलेलाच राहतो. भाऊराव मात्र आधी बाही वर करायचे. लग्नाच्या मांडवात भेटोत की बाजारात, रामराम होण्याआधी त्यांची बोटे समोरच्याच्या दंडावर देवी टोचल्याचे वण चाचपत. वण लागले की मगच विचारत, "मंग, काय म्हनतंय पीकपाणी?"

भाऊराव इंदापूर तालुक्यात देवी टोचायचे काम करीत. लोक डॉक्टर म्हणत, त्यावर ते म्हणत, "डाक्टर मोठा मानूस. आमी निस्तं वरबाडणारं." सायकलीला बांधलेली पत्र्याची पेटी आणि तीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या काचेच्या नळ्या, एवढाच त्यांचा संसार. उन्हाने लस मरते म्हणून ते आपले उपरणे भिजवून पेटीवर घालत आणि स्वतः उघड्या डोक्याने गावोगाव हिंडत.

गावातल्या बायकांची एक रीत होती. पोराला टोचून झाले की त्याला घरामागे न्यायचे आणि कडुलिंबाच्या पाण्याने दंड पुसून टाकायचा. देवीचा कोप नको आणि पोराला तापही नको. भाऊरावांनी त्यावर तोड काढली होती. टोचून झाले की ते सगळ्यांना पारावर बसवून एका राजाची गोष्ट सांगत. गोष्ट इतकी रटाळ, की एकदा एक बाई वैतागून म्हणाली, "अवो भाऊराव, त्यो राजा मरंना का एकदाचा!"

"मरंल की, वयनी. दंड वाळू द्या, मंग मरंल."

मी तेव्हा बारामतीत होतो आणि मिळेल ते पत्रक वाचत होतो. सरकार आपले मीठ आपले नाही म्हणते, आपले रान आपले नाही म्हणते; आता आपले अंगही आपले नाही? वासराच्या अंगातली लस आपल्या रक्तात सक्तीने का घालून घ्यायची? असे सवाल करणारे चार पानांचे पत्रक मी स्वतः लिहिले. त्याला 'परक्याची सुई' असे नाव दिले, छापून घेतले आणि इंदापूरच्या बाजारात खोक्यावर उभा राहून वाचले. भाऊराव शेवटपर्यंत ऐकत होते. मग पुढे आले आणि त्यांनी माझी खादीची बाही वर केली.

"चार हायत," ते गर्दीकडे वळून म्हणाले, "अन् चारी माझंच हायत. ह्याच्या आयनं पुसलं न्हाईत, म्हनून लिवायला जित्ता हाय आमचा पुढारी!"

बाजार हसला. ते हसणे मी मनात धरून ठेवले.

माझी थोरली बहीण, आक्का, अंथुर्ण्याला दिलेली. तिचे यजमान शिवराम, आमचे दाजी, कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि कांदा करीत. मोंबासाला दुकान असलेल्या एका शेठने तिथल्या भाजीच्या मळ्यासाठी त्यांना बोलावले. बोटीवर चढायला देवी टोचून दंडावर फोड उठल्याचा दाखला लागत होता. दाजी भाऊरावांकडे गेले आणि टोचून घेतले. मी बरोबर होतो. राजाची गोष्ट सुरू झाली तसे मी त्यांना उठवले, विहिरीवर नेले आणि दंड धुवायला लावला. दाजी माझे ऐकत, कारण मी शिकलेला. शिवाय कांद्याची लागण अर्धी राहिली होती. तापाने चार दिवस अंथरुणात घालवणे त्यांना परवडणारे नव्हते.

आठव्या दिवशी भाऊरावांनी दंड पाहिला. तो कोरा होता.

"उठली न्हाय. पुसलं व्हतं का?"

दाजींनी माझ्याकडे पाहिले, पण माझे नाव घेतले नाही.

"बरं. फिरून टोचतो. आणिक आठ दिस थांबायचं."

"भाऊराव, बोट चार दिसांत सुटती. फुडली म्हैन्यानं. तवर शेट दुसरा मानूस बघंल. एक सही करा, पाया पडतो तुमच्या."

"पाया नगं पडू. शेटला मी चिट्ठी लिवतो. लईत लई जागा जाईल."

"जागा गेल्यावर खायाचं काय?"

"हितं कांदं लाव की. सही न्हाय, शिवरामा. कागदाला देवी येत न्हाईत. मानसाला येत्यात."

"सहीचा भाव वाढवतायत, दाजी," मी म्हणालो. भाऊरावांनी पेटी बंद केली.

मुंबईला दाजींना पोचवायला मीच गेलो. गोदीबाहेर एका माणसाने दोन रुपयांत दाखला लिहून दिला. त्याने दाजींचे नाव विचारले, वय विचारले. दंड पाहिला नाही. मला तेव्हा लढाई जिंकल्यासारखे वाटले.

बोटीवर देवीची साथ निघाली. मोंबासाला सगळ्या उतारूंना गावाबाहेरच्या छावणीत कोंडले. दाजींच्या शेजारी एक सुतार होता. त्याच्या दंडावर खरे वण होते. तो वाचला आणि त्यानेच पत्र लिहिले. दाजींना शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हते, असे त्यात होते. त्यांना कुठे पुरले ते त्याला कुणी दाखवले नाही. ते पत्र आक्काला मी वाचून दाखवले. घरात वाचता येणारा मीच होतो.

सुतकात भाऊराव आले. सायकल त्यांनी गावाबाहेरच ठेवली होती. आक्काने आत जाऊन दीड वर्षांच्या लेकीला उचलून आणले.

"टोचा हिला."

"सुतकात गं?" तिच्या सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, सुतकातच."

भाऊरावांनी गावाबाहेर जाऊन पेटी आणली आणि पोरीला टोचले. ते परत निघाले तसा मी त्यांच्यामागे गेलो. ते शिव्या देतील असे वाटले होते; दिल्या असत्या तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "लोक म्हनत्यात, सही दिली न्हाय, झ्याक केलंत. काय झ्याक केलं? त्याला दारातनं जाऊ दिलं. त्याच्या मागं जायाला पायजे व्हतं मी."

"मी तुमच्याबरोबर गावोगाव येतो," मी म्हणालो. "पेटी उचलतो."

"माझ्यासंगं नगं. मी जाईन तितं तुझंच लिवल्यालं वाचून दावत्यात मला. तू जितं जितं वाचलंस, तितं एकला जा."

मी गेलो. डाळज गावच्या एका तात्यांनी माझी चार पाने देव्हाऱ्यात ठेवलेली होती. त्यांना वाचता येत नव्हते. नातवाकडून ऐकून ऐकून सगळे पाठ होते, आणि ते त्यांनी मला अभिमानाने म्हणून दाखवले. मी म्हणालो, "तात्या, ते खोटे आहे. मी चुकलो. माझे दाजी त्यानेच गेले."

तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले. "सरकारनं दम दिला व्हय तुमास्नी? भिऊ नगा. आमी न्हाय टोचू देत कुनाला."

अंगणात त्यांची तीन नातवंडे उघडी खेळत होती. तिघांचेही दंड कोरे होते.

हे मी भाऊरावांना सांगितले तेव्हा "म्या जातो," एवढेच ते म्हणाले. त्याच थंडीत छातीत कफ भरून ते गेले. डाळजला जाणे झाले नाही.

माझे पत्रक कुठवर पोचले ते मला माहीत नाही. ते खोटे आहे असे मी एकट्याने सांगून आता कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हांला सांगतो आहे. 'परक्याची सुई' तुमच्या घरी किंवा शेजारी असेल तर ती जाळू नका. तिच्यावर शिवराम हे नाव लिहा आणि ज्यांना ती वाचून दाखवली असेल त्यांच्या दारात जाऊन सांगा, की या कागदाने हा माणूस मारला. त्या घरातले कोणी परमुलखात निघाले असेल तर त्याला टोचून घ्यायला लावा, आठ दिवस थांबवा. बोट चुकली तर चुकू द्या.